एअर पिस्तूल, .२२ की .३२? सातारा-सांगलीकडच्या नव्या नेमबाजाने आधी काय हातात घ्यावे

मिरजेला माझ्या बहिणीच्या सासरी छापखाना होता. ऑफसेट आल्यावर तो बंद पडला, यंत्र भंगारात गेले, पण शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, माडीवर तशीच राहिली. यंदा दिवाळीत गेलो तेव्हा भाच्याने मला वर नेले, एका गोणीचे तोंड सोडले आणि मूठभर खिळे माझ्या तळहातावर ठेवले. ‘मामा, यात शिसे आहे, कथील आहे, अँटिमनी आहे. अमेरिकेत लोक हाच धातू वितळवून रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या ओततात. तुमच्याकडे .३२चा परवाना आहे. आपण घरीच काडतुसे भरली तर सराव किती स्वस्तात होईल!’

पोराची माहिती खरी होती. निष्कर्ष मात्र चुकीचा होता, आणि तो का चुकीचा हे त्याला नीट समजावताना संध्याकाळ गेली. त्याला एकच हवे होते: धक्का कमी, खर्च कमी आणि रोज भरपूर गोळ्या. पिस्तूल शिकणाऱ्या प्रत्येकाला हेच हवे असते. ते मिळवायचे चार रस्ते मी त्याच्यासमोर मांडले. (.२२ आणि .३२ हे आकडे गोळीच्या व्यासाचे, इंचांत.) नेमबाजी सुरू करायच्या विचारात असलेल्या इतरांनाही ते उपयोगी पडतील म्हणून इथे लिहितो. मी साताऱ्यात राहतो, हौशी नेमबाज आहे, आणि यातल्या तीन रस्त्यांनी स्वतः चाललो आहे. चौथ्याच्या वाटेला जायचेच नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

घरी भरलेले काडतूस

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. बार झाल्यावर टोपी, दारू आणि गोळी संपतात, पुंगळी उरते. चारांत महाग तीच. जिथे कायदा परवानगी देतो तिथले नेमबाज ती जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात. .३२ रिव्हॉल्व्हरच्या .३२ एस अँड डब्ल्यू लाँगसारख्या कमी दाबाच्या काडतुसाची पुंगळी तर पुष्कळ वेळा वापरता येते. गोळीही साच्यात स्वतः ओतली की विकत घ्यायच्या गोष्टी दोनच राहतात.

ओतीव शिशाची गोळी हलक्या बारालाच, म्हणजे कमी दारूच्या काडतुसालाच, का शोभते, तेही सांगतो. शिसे मऊ आहे. फार वेगाने नळीतून ढकलले तर ते नळीच्या आतल्या पिळदार आट्यांमध्ये घासून चिकटते आणि नळी शिशाने माखते. सेकंदाला दोन-अडीचशे मीटरच्या आसपास मात्र ते सुखाने जाते, तांब्याचे कवच लागत नाही. उलट कवच असलेल्या गोळीला नळीतून सरकायला जोर जास्त लागतो, म्हणून बार अतिहलका केला तर ती नळीतच अडकायची भीती असते. शिशात थोडे कथील मिसळले की ते साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट उतरते, आणि अँटिमनीने कठीणपणा येतो. लायनोटाइप या ओळी ओतणाऱ्या छपाई-यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. तिकडचे गोळ्या ओतणारे जुन्या छापखान्यांच्या मागे लागतात ते यासाठीच. भाच्याच्या गोणीची किंमत त्यांना बरोबर कळली असती.

आता आपल्याकडचे. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्रे आणि दारूगोळा बनवण्यासाठी कलम ५खाली वेगळा परवाना लागतो, आणि तो तुमच्या-माझ्यासारख्या परवानाधारकाकडे नसतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. ‘स्वतःच्याच पिस्तुलासाठी, चार-दोनच केली’ या सबबीला कायद्यात जागा नाही. हे ऐकल्यावर भाचा गप्प झाला.

कायदा बाजूला ठेवला तरी मी त्याला या वाटेला जाऊ दिले नसते. .३२ लाँग हे १८९६चे काडतूस. तेव्हा काळ्या दारूचा जमाना होता, म्हणून पुंगळी ऐसपैस आहे. आजच्या बिनधुराच्या दारूचा हलका बार तिच्या तळाशी चिमूटभर बसतो. चुकून दोनदा पडला तरी वरून बघून लक्षात येईलच असे नाही, आणि दुप्पट दाब हातातल्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फोडू शकतो. दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते. आवाज नेहमीसारखा होत नाही, फुस्स होतो. नवख्याला वाटते, काडतूस फुसके निघाले, आणि तो पुढचा चाप ओढतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते. कारखान्यातली काडतुसे वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की थांबायचे, हत्यार रिकामे करायचे, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचे, मगच पुढे.

शिवाय शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी धातू उसळून तोंडावर येतो. वितळताना वर येणारी राख आणि हाताला लागणारी भुकटी पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. त्या माडीखालीच बहिणीचे स्वयंपाकघर आहे.

.३२ रिव्हॉल्व्हर

आपल्या भागात पिस्तुलाचा परवाना म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर हेच येते. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत रिव्हॉल्व्हर बनते, काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत. खडकीचा हा कारखाना १८६९चा आहे. पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे त्याचीच. साताऱ्याहून पुण्याला जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या अंतरावर आपली काडतुसे तयार होतात.

स्वसंरक्षणासाठी हे हत्यार घेतले असेल तर त्याच्या जागी ते ठीक आहे. नेमबाजी शिकण्यासाठी मी ते सुचवणार नाही. नळी जेमतेम तीन इंची. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर इतके कमी की हात केसभर हलला तरी पंचवीस मीटरवर गोळी कुठल्या कुठे जाते. माशी कायमची बसवलेली, डावी-उजवीकडे सरकवता येत नाही. घोडा न उचलता चाप ओढायचा तर बोटाला फार जोर लावावा लागतो, आणि नवखा तिथेच मनगट वाकवायला शिकतो. ती सवय सोडवायला मला दोन वर्षे लागली.

तरी सगळ्यात मोठी अडचण काडतुसांची आहे. परवान्यावर आकडा लिहिलेला असतो. माझ्यावर एका वेळी ५० आणि वर्षाला १०० असा आहे. पंचवीस मीटरचा एक पूर्ण सामना ६० गोळ्यांचा. म्हणजे माझा वर्षाचा कोटा दोन सामन्यांनाही पुरत नाही. वर्षाला शंभर गोळ्यांत कुणी नेमबाज होत नाही. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. लोकसभा, विधानसभा, मग स्थानिक निवडणुका. माझे रिव्हॉल्व्हर एकदा सलग महिनोन्‌महिने तिथे होते.

.३२ काडतुसाची थोरवी मात्र वेगळ्या हत्यारात दिसते. स्पर्धेसाठीची लांब नळीची .३२ पिस्तुले असतात. त्यांत ‘वॉडकटर’ जातीचे काडतूस वापरतात. त्याची शिशाची गोळी सपाट डोक्याची, पुंगळीच्या तोंडाशी बसवलेली. कागदावर ती पंचिंग मशीनसारखे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे रेषेला लागली की नाही हे ओळखता येते. फिनलंडच्या लापुआ कंपनीच्या अशा काडतुसाची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सुमारे ६.४ ग्रॅमची. तिकडचे लोक घरी ओतून साधतात तो हलका, नेमका बार हाच, फक्त कारखान्यात भरलेला. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल (ज्याच्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यात असते) हा प्रकार बहुधा याच काडतुसावर चालतो. जसपाल राणाने १९९४च्या हिरोशिमा एशियाडमध्ये यात सुवर्ण घेतले आणि २००६ला दोहात ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पुढचे स्वप्न बघताना हेही लक्षात घ्यावे.

.२२ स्पोर्ट्स पिस्तूल

.२२ म्हटले की माझा आवाज थोडा हळवा होतो, कारण मला नेमबाजीची खरी गोडी यानेच लागली. गोळी २.६ ग्रॅमची, धक्का इतका हलका की बार झाल्यावरही माशी नजरेतून सुटत नाही. पाच गोळ्या भराभर मारायच्या असतात तेव्हा हे फार मोलाचे असते. महिलांचा २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांचा रॅपिड फायर, दोन्ही ऑलिंपिक प्रकार याच काडतुसाचे. सांगलीपासून तास-दीड तासावर असलेल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले ते .२२नेच. विजय कुमारचे २०१२चे लंडनमधले रौप्यही रॅपिड फायरमधले.

भाच्याच्या प्रश्नापुरते सांगायचे तर .२२ घरी भरणे होतच नाही. तिची प्रायमरची दारू वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या कडेच्या आत पसरलेली असते. चाप ओढल्यावर पिनच्या फटक्याने ती कड चेपते. एकदा चेपली की पुंगळी टाकून द्यायची.

अडचण मालकीची. स्वतःचे .२२ घ्यायचे तर परवाना लागतो, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे वय २१ पूर्ण हवे. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस पडताळणी, मग वाट बघणे. माझ्या अर्जाचा एक कागद एका कार्यालयात गहाळ झाला आणि सगळी फेरी पहिल्यापासून करावी लागली. खेळाडूसाठी वाट थोडी मोकळी होते. राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक गुण मिळवून ‘रिनाउन्ड शॉट’ झालेल्यांना जास्त काडतुसांची मुभा असते. पण तिथवर पोचायला आधी गुण हवेत आणि गुणांसाठी सराव. म्हणून बहुतेक जण क्लबच्या रेंजवर क्लबच्या पिस्तुलाने सुरुवात करतात. तुमच्या घराजवळ पंचवीस मीटरची अशी रेंज असेल तर तुम्ही नशीबवान आहात. मला त्यासाठी पुण्याला बालेवाडीपर्यंत जावे लागे. पहाटेच्या एसटीने जायचे, रात्री परतायचे, आणि हातात पडायच्या साठ-सत्तर गोळ्या.

एअर पिस्तूल

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण भाच्याला मी हेच घ्यायला सांगितले.

नळी ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. दहा मीटर स्पर्धेचे पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत बसते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरने जातो असे धरले तर हिशेबाने पाच-सहा ज्यूल होतात. .३२च्या वॉडकटरला हाच हिशेब लावला तर दीडशेच्या वर जातो. तरी इजा करायला पाच-सहा ज्यूल पुरेसे आहेत, एवढे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. डोळ्यावरचा चष्मा आणि मागची भिंत यांत सूट नाही.

पुष्कळांना वाटते, एअर पिस्तूल म्हणजे पोरखेळ आणि खरी नेमबाजी दारूच्या पिस्तुलाची. आकडे बघा. दहा मीटरच्या एअर पिस्तूल लक्ष्यावर १० गुणांचे वर्तुळ ११.५ मिमीचे. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन (सावकाश नेम धरून मारायच्या) लक्ष्यावर तेच वर्तुळ ५० मिमीचे. अंतराने भागले तर एअर पिस्तुलाला मीटरमागे १.१५ मिमी मिळतात, पंचवीस मीटरवाल्याला २ मिमी. एअर पिस्तुलावर ज्याचे दहा-नऊ-दहा पडतात, त्याला पंचवीस मीटरचे काळे वर्तुळ परातीएवढे वाटते. उलट दिशेने मात्र असे होत नाही. .२२वर बऱ्यापैकी मारणारा एअर पिस्तुलावर आला की पहिले दोन महिने रडकुंडीला येतो.

दुसरे म्हणजे छर्रा हळू जातो, त्यामुळे चाप ओढल्यावरही तो नळीत जास्त वेळ असतो. तेवढ्या क्षणात मनगट सैल सोडले, मान उचलून कागदाकडे बघितले की गुण गेला. एअर पिस्तूल ही चूक लपू देत नाही. हलक्या बाराच्या, मंद गोळीच्या रिव्हॉल्व्हरलाही हेच लागू आहे, म्हणून इथे लागलेली शिस्त पुढे .३२वर जशीच्या तशी कामी येते.

आणि सराव. छर्ऱ्यांचा डबा ५०० नगांचा असतो. रोज शंभर मारले तरी पाच दिवस. माझ्या रिव्हॉल्व्हरचा वर्षाचा कोटा इथे एका संध्याकाळी संपतो. आचारसंहिता येवो वा जावो, पिस्तूल घरीच राहते. छर्रा न भरता नुसता चाप ओढून सराव करायची सोय स्पर्धेच्या पिस्तुलांत असते. .२२वर तसे करू नये, पिन पुंगळीच्या जागी नळीच्या कडेवर आपटून बोथट होऊ शकते. मी दहा गोळ्या माराव्यात तर वीस वेळा रिकामा चाप ओढतो.

घेताना काय बघावे? दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक गोळीआधी बाजूची दांडी ओढून हवा दाबायची. अशी जुनी स्पर्धेची पिस्तुले कुणी विकत असेल तर नवशिक्याने जरूर घ्यावीत. त्यांना सिलिंडर नाही, पंप नाही, पन्नाशीनंतरच्या माणसाला मात्र साठ वेळा दांडी ओढताना खांदा दुखतो. दुसरी जात आधीच भरलेल्या हवेची, पीसीपी. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाने हवा भरायची. चांगल्या परदेशी पीसीपी पिस्तुलाची किंमत लाखाच्या वर जाते. साताऱ्यात पाणबुड्यांच्या टाक्या भरणारे दुकान मला सापडले नाही, म्हणून हातपंपच वापरतो. तो उभ्याने मारायचा असतो, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा सिलिंडरमध्ये जाऊ नये म्हणून पंपाचा फिल्टर सुकवून घ्यावा लागतो. जुने पीसीपी घेणार असाल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. उत्पादकांनी दिलेली मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांची असते आणि ती उलटलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने सांगलीत स्वस्तात पिस्तूल घेतले आणि सिलिंडर मुदतबाह्य निघाले. नवीन सिलिंडर मागवण्यात बचत बुडाली.

नियमांत बसते का तेही तपासा. चाप ओढायला लागणारा जोर कमीत कमी ५०० ग्रॅम, पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त दीड किलो. बाजारातली सात-आठ हजारांची स्प्रिंगची पिस्तुले या खेळासाठी नाहीत. त्यांत स्प्रिंग सुटल्यावर आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका बसतो. नेम शिकायच्या आधी मुलगा तो झटका सांभाळायला शिकतो. पैसे नसतील तर क्लबचे पिस्तूल भाड्याने घ्या, पण हे घेऊ नका.

जागा दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट. जुन्या वाड्यांच्या सोप्यात, गच्चीवर, गोदामात ती निघते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. मागे भिंत हवी, आणि बाजूने कुणी येईल असे दार नको. छर्रे अडवायला जाड लाकडी खोके, त्यात जुन्या कापडाचे घट्ट गठ्ठे आणि मागे लोखंडी पत्रा. खोके उघडून शिसे गोळा करताना तोंडाला रुमाल, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

मग कोणी काय घ्यावे

वय १२ ते २०, खेळ म्हणून करायचे आहे: एअर पिस्तूल, दुसरा विचार नको. मनू भाकरने पॅरिसला २०२४मध्ये मिळवलेली दोन्ही कांस्यपदके दहा मीटर एअर पिस्तुलातली आहेत. ती पंचवीस मीटरचाही सामना खेळते, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाता येते.

वर्षभर एअर पिस्तूल झाले, रोजचे गुण स्थिर पडू लागले, आणि आठवड्यातून एकदा तरी रेंज गाठता येते: क्लबच्या .२२वर या. परवान्याचा अर्ज त्यानंतर करा. तोवर प्रशस्तिपत्रे हाताशी येतात आणि अर्जाला वजन येते.

घरात वडिलोपार्जित .३२ आहे: ते कपाटात, काडतुसे वेगळ्या कुलपात. खडकीची जी मिळतील तीच वापरा. काडतुसे कोरड्या जागी ठेवा. २०१९च्या महापुरात सांगलीत घराघरांत किती पाणी शिरले ते आपण पाहिले आहे. भिजलेले काडतूस वाळवून वापरायच्या फंदात पडू नका, परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जमा करा. वर्षातून दोनदा रेंजवर नेऊन दहा-दहा गोळ्या माराव्यात, हात परका होऊ नये म्हणून. स्पर्धेच्या सेंटर फायरसाठी लांब नळीचे .३२ घ्यायची वेळ .२२वर काही वर्षे घालवल्यावर येते, आणि तेव्हा तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

त्या संध्याकाळी हे सगळे बोलून झाल्यावर भाच्याने एकच विचारले, ‘मामा, मग या खिळ्यांचे काय करू?’ मी गोणीतून एक ‘ळ’ उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, ठेव बाबा, हे वितळवायचे नाहीत. मग आम्ही खाली आलो, टेप काढली आणि सोपा मोजला. एकतीस फूट भरला. देवघराचे दार काढून दोन फूट मिळाले असते, पण बहिणीने नाही म्हटले. शेवटी छापखान्याची मागची खोली मोजली: छत्तीस फूट, मागे दगडी भिंत, दार एकच आणि तेही नेमबाजाच्या पाठीशी. पुढच्या रविवारी खोके ठोकायला मी लाकूड घेऊन जातो आहे.